खर्जाची नेमणूक

प्रस्तुत पुस्तकात ज्या वाद्याचा विचार केला आहे त्या बेस सॅक्सोफोनचे नाव शहापूरच्या बाजारपेठेत किंवा म्हशाच्या जत्रेत कुणी काढले, तर ऐकणारा ते एखाद्या शेतीपंपाचे नाव समजेल हाच संभव अधिक. आणि ज्या तबकड्यांमुळे या वाद्याला इतिहासात थोडीफार जागा मिळाली त्या तबकड्या १९१४ ते १९३० च्या दरम्यान न्यूयॉर्क, शिकागो, लंडन अशा दूरच्या शहरांत भरल्या गेल्या, तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर नि मुरबाड या दोन डोंगरी तालुक्यांतील वाचकाने त्यांची दखल का घ्यावी, हा प्रश्न प्रस्तावनाकाराने टाळून चालणार नाही. कुतूहलाला सरहद्द नसते, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. बेस सॅक्सोफोनची हकीकत ही ऐकण्याच्या यंत्राने वादकांवर कसा अंमल गाजविला याची हकीकत आहे, आणि तो अंमल कलकत्त्यात, मुंबईत, मिरजेच्या गवयांवर नि पुढे आमच्या लग्नांच्या वरातींवरही चालला, असे मला वाटते. म्हणूनच हे परक्या मुलखातले प्रकरण आपल्या दप्तरात दाखल करण्याजोगे आहे.

प्रथम वाद्याची ओळख करून देणे इष्ट. बेल्जममधील दिनाँ गावी १८१४ साली जन्मलेला अदोल्फ साक्स हा वाद्यकार पॅरिसला स्थायिक झाला आणि पितळेचा आवाका व लाकडी सुषिरवाद्यांची चपळाई एकाच नळीत आणण्याच्या ध्यासातून त्याने सॅक्सोफोन निर्माण केला. आज सॅक्सोफोन म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे हिंदी चित्रपटाच्या वाद्यवृंदातले मध्यम आकाराचे, गळ्यात अडकविलेले वाद्य येते. परंतु साक्सने आरंभी लोकांपुढे ठेवले ते या कुळातले खर्जाचे, धिप्पाड वाद्य होते, आणि संगीतकार बर्लिओझ याने १८४२ साली एका पॅरिसच्या वृत्तपत्रात त्याची मुक्तकंठाने शिफारस केली. १८४६ साली साक्सला एकस्वाची सनद मिळाली, फ्रेंच लष्करी बँडांत त्याची वाद्ये रुजू झाली, प्रतिस्पर्ध्यांनी त्याला वर्षानुवर्षे कोर्टात खेचले, अनेकदा त्याचे दिवाळे निघाले आणि १८९४ साली तो विपन्नावस्थेत वारला. सनद असूनही वतन पदरात न पडलेल्या माणसांच्या कैफियती आपल्याकडच्या जुन्या दप्तरांतही काही कमी नाहीत.

हे वाद्य जवळून पाहिले म्हणजे त्याचा भव्यपणा नि अवघडपणा दोन्ही ध्यानात येतात. उभे केले तर ते बसलेल्या वादकाच्या डोक्याच्याही वर जाते. नळी सरळ उलगडली तर नऊ-दहा फूट भरेल. वजन आठ-नऊ किलोच्या घरात, त्यामुळे ते बहुधा लोखंडी तिवईवर टेकवून वाजवावे लागते. तोंडाशी मात्र सारा कारभार एका बोरूच्या पातीवर चालतो: मुखाच्या उताराला ती चापाने आवळलेली, तिचे टोक कागदाइतके पातळ तासलेले, आणि फुंकर बसताच ती थरथरून त्या अजस्र पितळी शंकूतल्या हवेला जागे करते. सर्वांत खालचा स्वर सेकंदाला सुमारे ५२ कंपनांचा. पोटातून श्वास न लावता नुसत्या गालांनी फुंकणाऱ्याला हे वाद्य दाद देत नाही. पुसट, ओलसर खरखर तेवढी बाहेर पडते.

आता यंत्राकडे वळू. १९२५ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणात विजेचा संबंध नव्हता. वादकांनी एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी दाटीवाटीने उभे राहायचे, कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला पडदा, पडद्याला सुई, आणि सुईखाली फिरणारी मेणाची जाड चकती. हवेच्या दाबाने जेवढी सुई हलेल तेवढेच संगीत मेणात उतरायचे. या कर्ण्याचे कान विलक्षण पक्षपाती होते. कॉर्नेट, क्लॅरिनेट, बँजो, पुरुषाचा खडा आवाज यांना तो तत्काळ दरबारात घेई. पण तारांचा खर्ज, म्हणजे बोटांनी छेडलेला डबल बास, त्याच्यापर्यंत पोहोचतच नसे, आणि मोठ्या पडघमाचा ठोका पोहोचला तर सुई खाचेतून उडण्याची धास्ती असे. म्हणून व्हायोलिनला पितळी भोंगा जोडण्याची युक्ती निघाली, पडघमाऐवजी लाकडाच्या ठोकळ्यावर ताल धरला जाऊ लागला, आणि खर्जाच्या जागी ट्यूबा किंवा बेस सॅक्सोफोन या फुंकून वाजविण्याच्या वाद्यांची, सरकारी भाषेत सांगायचे तर, बदली नेमणूक झाली.

इथे एक बारकावा सांगितला पाहिजे. ५२ कंपनांचा स्वर कर्ण्याला ऐकू जात नव्हता हे जितके डबल बासच्या बाबतीत खरे तितकेच बेस सॅक्सोफोनच्या बाबतीतही खरे. मग एकाची हकालपट्टी आणि दुसऱ्याची नेमणूक का? कारण असे की सॅक्सोफोनच्या प्रत्येक स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर भरघोस उमटतात, आणि पायाचा स्वर कर्ण्याने गिळला तरी वरचे चारपाच उपस्वर मेणात शिल्लक राहतात. मनुष्याचा कान असा चतुर की तेवढ्या पुराव्यावरून तो गैरहजर असलेला मूळ स्वर मनातल्या मनात उभा करतो. त्या जुन्या तबकड्यांत आपल्याला जो खर्ज ऐकू येतो तो बहुतांशी आपणच रचलेला असतो. तबकडीने केवळ त्याचा दाखला दिलेला असतो.

हाच न्याय आपल्याकडच्या तबकड्यांना लावून पाहावा. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्यात उतरला आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या तबकड्यांच्या शेवटी गायिका इंग्रजीतून आपले नाव पुकारते, कारण चकत्या जर्मनीत हॅनोव्हरला जाऊन छापल्या जायच्या नि तिथल्या कामगाराला ओळख पटायला हवी. त्या काळातली कोणतीही तबकडी लक्षपूर्वक ऐकली तर तबल्याची चाट कानावर येते, पण डग्ग्याचा घुमारा जवळजवळ नाहीच. तानपुरा असून नसल्यासारखा. हार्मोनियम मात्र ठसठशीत. मिरजेचे अब्दुल करीम खाँ यांच्या १९०५ च्या सुमाराच्या तबकड्या आणि १९३० नंतरच्या त्यांच्या विद्युत मुद्रणाच्या तबकड्या एकापाठोपाठ ऐकल्या, तर गवई बदलला की कान बदलले असा संभ्रम पडतो. आपल्या जुन्या गायकांविषयी जे निवाडे केवळ तबकड्यांच्या आधारे दिले जातात, तानेची घाई, आवाजाची पट्टी, साथीचा कोरडेपणा यांबद्दल, त्यांतले बरेचसे वस्तुतः कर्ण्याविषयीचे निवाडे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाता जाता या तबकड्यांच्या द्रव्याविषयीही सांगावे. ७८ फेऱ्यांची काळी तबकडी ज्या लाखेने बांधली जाई ती मुख्यत्वे हिंदुस्थानच्या जंगलांतली. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवरच्या किड्यांनी केलेली ही लाख छोटा नागपूरकडच्या आदिवासींनी खरवडायची, ती चपड्याच्या रूपाने समुद्रापार जायची नि दगडाची भुकटी व काजळी मिसळून तिचा जाझ व्हायचा. शहापूरजवळच्या माहुली गडाच्या पायथ्याशीही पळस फुलतो, पण लाखेचा मक्ता आमच्या वाट्याला आला नाही.

पुस्तकाच्या मुख्य भागात वादकांची साद्यंत माहिती येईलच, म्हणून इथे त्यांतल्या मोजक्यांचाच उल्लेख करतो. सिक्स ब्राउन ब्रदर्स हा सहा सॅक्सोफोनवाल्यांचा संच १९१४ पासून तबकड्या काढीत होता आणि विदूषकी थाटात का होईना, खर्जाचा सॅक्सोफोन त्यानेच अमेरिकन घरोघरी पोहोचविला. किंग ऑलिव्हर याच्या शिकागोतील विख्यात वृंदाने १९२३ च्या एप्रिलमध्ये इंडियानातील रिचमंड येथे, रेल्वेच्या रुळांना खेटून असलेल्या एका मुद्रणगृहात पहिल्या तबकड्या भरल्या. गाडी आली की काम थांबवावे लागे. तेथे डबल बासचा वादक बिल जॉन्सन याला आपले वाद्य बाजूला ठेवून बँजो हाती घ्यावा लागला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीच्या काही मुद्रणांत चार्ली जॅक्सन बेस सॅक्सोफोन घेऊन आला.

परंतु या वाद्याला व्यक्तित्व दिले ते एड्रियन रोलिनी याने. कॅलिफोर्निया रॅम्बलर्स या न्यूयॉर्कच्या नृत्यवृंदात (नावापलीकडे कॅलिफोर्नियाशी त्यांचा काही संबंध नव्हता) तो १९२२ च्या सुमारास दाखल झाला. हा वृंद एकाच वेळी निरनिराळ्या कंपन्यांसाठी निरनिराळ्या नावांनी तबकड्या काढी: गूफस फाइव्ह, लिटल रॅम्बलर्स, युनिव्हर्सिटी सिक्स, गोल्डन गेट ऑर्केस्ट्रा. कंपन्यांचे करारनामे चुकविण्याचा हा साळसूद मार्ग होता, आणि त्याचा लाभ असा की ज्याला रोलिनी ऐकायचा त्याला शेकड्यांनी तबकड्या सापडतात. त्याच्या आधीचे वादक पहिल्या नि तिसऱ्या मात्रेवर भुंकल्यासारखा एकेक स्वर टाकीत आणि त्यांतच आपले कर्तव्य संपले असे मानीत. रोलिनी त्या दोन मात्रांच्या मधली रिकामी जागा वापरू लागला. तो स्वर अर्ध्यात तोडतो, पुढचा किंचित आधी आणतो, वरच्या वादकाने वाक्य संपविताच खालून दोन शब्दांत त्याला उत्तर देतो, आणि संधी मिळताच इतक्या मोठ्या वाद्यावर अशा सफाईने तान घेतो की त्या पितळी धुडाचे वजन ऐकणाऱ्याच्या ध्यानीच राहत नाही.

आणि इथे या पुस्तकाचा खरा मुद्दा येतो. १९२५ साली मायक्रोफोन आला. विजेच्या मुद्रणाने तारांचा खर्ज टिपता येऊ लागला, म्हणजे बेस सॅक्सोफोनची जी बदली नेमणूक होती तिची मुदत संपली. कागदोपत्री पाहिले तर त्याच वर्षी त्याला कार्यमुक्त करायला हवे होते. प्रत्यक्षात घडले ते उलट. ५ ऑक्टोबर १९२७ रोजी न्यूयॉर्कमध्ये कॉर्नेटवादक बिक्स बायडरबेक याने आपल्या पाचसहा साथीदारांसह ‘ॲट द जाझ बँड बॉल’, ‘रॉयल गार्डन ब्लूज’ आणि ‘जाझ मी ब्लूज’ या तीन रचना विजेच्या यंत्रावर मुद्रित केल्या, आणि तिथे डबल बास नव्हता, ट्यूबाही नव्हता, साऱ्या डोलाऱ्याचा भार एकट्या रोलिनीवर होता. त्याच वर्षी व्हायोलिनवादक जो व्हेनुटी याच्या चौकडीत गिटार, पियानो नि व्हायोलिन अशा नाजूक सोबतीत त्याने जे वाजविले ते कर्ण्याच्या काळात मुद्रित होऊच शकले नसते. या वाद्याचे उत्तम काम त्याची गरज संपल्यावर झाले. यंत्राने जे वाद्य अडचणीपोटी खोलीत घेतले ते अडचण सरल्यावर वादकाने आपल्या खुशीने ठेवून घेतले. म्हणून ‘ध्वनिमुद्रणाच्या सोयीचे वाद्य’ ही जी व्याख्या कोशांतून आढळते ती अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी हे पुस्तक लिहावे लागले.

पुढचा उतार त्वरेने झाला. १९२७ च्या अखेरीस रोलिनी लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात फ्रेड एलिझाल्डे याच्या वृंदात गेला, १९२९ च्या सुमारास परतला तो एका पालटलेल्या संगीतात; चार मात्रांची सलग, लवचीक चाल तारांच्या बासला अधिक मानवत होती. स्वतः रोलिनीनेच हळूहळू व्हायब्राफोन हाती घेतला नि १९५६ साली तो वारला तेव्हा पुष्कळांना तो त्याच वाद्याचा वादक म्हणून माहीत होता. चेक लेखक योसेफ श्क्वोरेत्स्की याने १९६७ साली या वाद्याचेच नाव देऊन एक दीर्घकथा लिहिली, तीत नाझी अमलाखालच्या गावातल्या एका तरुणाला हे वाद्य प्रथमच प्रत्यक्ष दिसते. साक्सचे अपत्य अखेर साहित्यात तरी सुप्रतिष्ठित झाले.

आता मुंबईकडे येऊ. मुंबईच्या वृंदांत बेस सॅक्सोफोनला मानाचे पान मिळाले असे म्हणण्यासारखा दाखला मजजवळ नाही, पण ज्या जगात तो वाजला त्या जगाचा एक धागा ताजमहाल हॉटेलापर्यंत आला होता. १९३५ साली व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय वृंद घेऊन तेथे आला. मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड आले. याच मंडळींत रूडी जॅक्सन हा सॅक्सोफोन व क्लॅरिनेट वाजविणारा गृहस्थ होता, जो १९२७ साली ड्यूक एलिंग्टनच्या वृंदात बसला होता. आणि त्या वृंदात ऑटो हार्डविक प्रसंगी खर्जाचा सॅक्सोफोन हाताळीत असे. ताजच्या नृत्यगृहाने गोमंतकीय वादकांची एक पिढी घडविली. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेली ही मंडळी एकदा ऐकलेली तबकडी कागदावर उतरवून काढीत. मिकी कोरिया यांचा वृंद १९३९ पासून सुमारे दोन दशके तेथे होता; ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो शाव्हिएर वाझ, रात्री हॉटेलात नि दिवसा चित्रपटांच्या मुद्रणगृहात वाजवीत. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, अर्थात सी. रामचंद्र, यांनी १९४७ च्या ‘शहनाई’त नि १९५१ च्या ‘अलबेला’त जी नवी चाल आणली तिच्यामागे या वादकांची फुंकर होती.

त्या काळी मुंबई तानसाचे पाणी पीत होती. १८९२ साली पुरे झालेले ते धरण शहापूर तालुक्यातले. पुढे वैतरणा नि भातसा यांचेही पाणी त्याच दिशेला गेले. तेव्हा ताजच्या मेजवान्यांतल्या पेल्यांत आमच्या तालुक्याचा वाटा होता, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. मोबदल्यात काय आले? आले ते बँडवाल्यांच्या मार्फत. लष्करी बँड आणि संस्थानिकांची पथके यांच्यापासून उतरलेली ही परंपरा लग्नाच्या वरातींत स्थिरावली, मेरठच्या जली कोठीतून पितळी वाद्ये गावोगाव गेली, आणि ‘अलबेला’ची गाणी कल्याण-मुरबाडच्या रस्त्यावर नवरदेवाच्या घोड्यापुढे वाजू लागली. अशा बँडात क्लॅरिनेट नि ट्रंपेट गाणे म्हणतात, आणि मागच्या रांगेत मोठ्या तोंडाचा युफोनियम कवेत धरलेला, बहुधा वयस्क, एक गृहस्थ सबंध वाटभर दोनच स्वर आलटून पालटून देत चालतो. त्याच्याकडे कुणी पाहत नाही, दौलतजादा त्याच्या वाट्याला क्वचित येते, पण तो श्वास घ्यायला थांबला की पुढचे गाणे कापडासारखे फडफडू लागते. रोलिनीच्या पूर्वसूरींचे काम ते हेच.

शहापूरच्या उत्तरेकडे, मोखाड्याच्या बाजूच्या वारली पाड्यांत, तारपा हे आणखी एक वाद्य आहे आणि त्याचे बेस सॅक्सोफोनशी नाते मला अधिक जवळचे वाटते. तारप्याचा वाळका भोपळा, त्यात मेणाने बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आणि टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा, हे सर्वांनी चित्रांत पाहिलेले असते. नळीच्या आत भोपळ्यात दडलेली जीभ मात्र चित्रात दिसत नाही. बांबूच्या पेराची पातळ साल तीन बाजूंनी कापून उचललेली, एका बाजूने तशीच जोडलेली, अशी ती एकपदरी जीभ फुंकरीने थरथरते नि दोन्ही नळ्या एकदम बोलू लागतात. साक्सच्या वाद्यातली बोरूची पात आणि ही जीभ एकाच तत्त्वाच्या. शहनाईची पिपाणी दुपदरी, म्हणून ती या कुळाबाहेरची. तारपेकरी गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेतो, सूर तुटू देत नाही, आणि नवे भात आल्यावर नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरत राहते. तारप्याला ना कर्ण्याची मर्जी सांभाळावी लागली ना मायक्रोफोनची. पाड्यावरच्या माणसांना तो खळ्याच्या पलीकडून ऐकू आला की झाले.

राहिला प्रश्न ऐकण्याचा, कारण तबकड्या न ऐकता हे पुस्तक वाचणे व्यर्थ आहे. सुदैवाने ही जुनी मुद्रणे सांप्रत मोबाइलवर सहज मिळतात. ऑलिव्हरच्या १९२३ च्या तबकडीपासून आरंभ करावा, मग रॅम्बलर्सची १९२४ च्या आसपासची एखादी, आणि नंतर ५ ऑक्टोबर १९२७ च्या तिन्ही. पहिल्या आवर्तनात कॉर्नेटकडे कान जाईल, तो जाऊ द्यावा. दुसऱ्यांदा निग्रहाने तळाकडे लावावा. मोबाइलचा चिमुकला कर्णा खालचे स्वर जवळपास सगळेच गाळतो, म्हणजे १९२३ च्या मुद्रणगृहाची पक्षपाती रीत तो नकळत पुन्हा चालू करतो, आणि आपला कान पूर्वीसारखाच उपस्वरांवरून खर्ज रचून घेतो. यास्तव १९२७ च्या तबकड्या तरी मोठ्या ध्वनिक्षेपकावर ऐकाव्यात. असे ध्वनिक्षेपक या दोन तालुक्यांत कुणाकडे असतात हे सांगायला नकोच. हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात जेव्हा खोकी उतरवून तारा जोडण्याचे काम चालू असते आणि अद्याप कुणी गाण्याची फर्माईश केलेली नसते, त्या अर्ध्या तासात खोक्यांच्या मालकाची थोडी मनधरणी केली तर तो ‘जाझ मी ब्लूज’ लावून द्यायला सहसा नाही म्हणणार नाही. आवाजाची खुंटी मात्र त्याच्या हाती सोपवू नये.